पुठ्ठ्याच्या पंख्यावरचा न्याय

मे महिन्यातला साधा शुक्रवार होता. कोर्टाची जेवणाची सुट्टी झाली होती आणि समोरच्या व्हर्लीन स्टॉलवर्थच्या खाणावळीत वकील, कारकून, पोलीस यांची नेहमीची गर्दी लोटली होती. जज रॉइस हार्डवेही येऊन खिडकीपाशी बसले. अठरा वर्षं ते टेबल त्यांचंच. फरक एवढाच, की आदल्या दिवशी याच गृहस्थांनी व्हर्लीनच्या पोराला पंधरा वर्षांची कैद ठोठावली होती.

कोल्बी अगदी धुतल्या तांदळासारखा होता असं कुणीच म्हणत नव्हतं. मित्र औषधाच्या दुकानाचं कुलूप फोडत होते आणि हा बाहेर गाडी चालू ठेवून बसला होता. पण कुणाला ओरखडाही उठला नव्हता, पोराचा पहिलाच गुन्हा होता आणि सरकारी वकिलानेसुद्धा वर्षभराचीच कैद मागितली होती. घोडं अडलं ते निवडणुकीपाशी. आमच्या अलाबामात न्यायाधीश मतांवर निवडून येतो, तोही पक्षाच्या नावावर. मॅकेल्विन काउंटीत तर एकाच पक्षाचं चालतं. जूनमध्ये त्या पक्षाची उमेदवारी जिंकली की खुर्ची खिशात. यंदा डेल क्रेनशॉ नावाचा वकील आडवा आला होता आणि रोज सकाळी रेडिओवरून ओरडत होता, "जज हार्डवे चोरांना गोंजारतात!" ते ऐकून अठरा वर्षांच्या न्यायाला घाम फुटला आणि नेमक्या त्याच आठवड्यात कोल्बी समोर उभा राहिला.

"रागावलीस का गं?" मक्याच्या पावाला लोणी फासत जजसाहेबांनी विचारलं.

"मासा की कोंबडी?" व्हर्लीन म्हणाली.

"मासा. हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. माझाही नाइलाज होता. एकदा जून जाऊ दे, मग शिक्षा कमी करायचा अर्ज टाका. बघतो मी. आपलंच पोर आहे ते."

"म्हणजे पंधरा वर्षं द्यायची नव्हतीच तुम्हाला?"

"हळू बोल, बाई! आणि माझ्या प्रचाराच्या जेवणाला मासे तूच तळायचे हं, दर वेळेसारखे. कोल्बीची आई माझ्या कढईपाशी दिसली की क्रेनशॉची बोलतीच बंद."

कढईतलं उकळतं तेल याच्या मांडीवर ओतावं, असं व्हर्लीनला वाटलं. तिने ओतला तो गार गोड चहा, तोही पेल्यात. जाताना साहेब टेबलावर पुठ्ठ्याचा एक पंखा ठेवून गेले. असे पंखे इथे प्रत्येक उमेदवार छापतो. चर्चच्या उकाड्यात माणसं त्यांनीच वारा घेतात. पंख्यावर साहेबांचा हसरा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'कणखर आणि न्यायी'.

रविवारी तुरुंगाच्या काचेपलीकडे बसलेला कोल्बी म्हणाला, "ममा, तळ की मासे. तुझं काय जातंय? जून गेला की मी घरी."

"त्याने तुला मतांसाठी विकलं रे! आणि मी त्यालाच मासे तळून घालू?"

"तुला काय मोठं गं? तुझा राग की मी?"

व्हर्लीन पर्स उचलून निघाली. खरं सांगायचं तर तिला तिच्या उत्तराचीच भीती वाटत होती.

प्रचाराचं जेवण कोर्टासमोरच्या हिरवळीवर होतं. व्हर्लीन मुकाट्याने कढईपाशी उभी राहिली. गिळला हिने अपमान, असं गाव म्हणालं. जजसाहेब माइक घेऊन सरळ तिच्याशेजारी आले.

"मला मवाळ म्हणतात! ही कोल्बीची आई, हिलाच विचारा. मी ओळखीपाळखी बघत नाही. आणि तरी हिच्या मनात काडीचा राग नाही. सांग गं, व्हर्लीन!"

व्हर्लीनने एप्रनला हात पुसले आणि माइक घेतला.

"साहेब खरं बोलले. ते ओळख बघत नाहीत, मतं बघतात. शिक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावर बसून म्हणाले, जून जाऊ दे, मग कमी करतो. आता तुम्हीच सांगा मंडळी, ही पंधरा वर्षं माझ्या पोराच्या गुन्ह्याची की यांच्या खुर्चीची?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या कानाशी वाकून ते पुटपुटले, "अगं, पोराचा तरी विचार करायचास." माइक चालूच होता. साऱ्या हिरवळीने ते ऐकलं.

हार्डवे सपाटून आपटले. निकालाच्या रात्री व्हर्लीनने येईल त्याला फुकट ॲपल पाय खाऊ घातला. सूड गोड लागत नाही असं सांगणारे खोटं बोलतात; तिला तो फार गोड लागला. पण हरलेल्या जजची मुदत वर्षअखेरपर्यंत होती. कोल्बीचा अर्ज त्याने एका ओळीत फेटाळला. त्यानंतर आई भेटायला आली की कोल्बी कोठडीबाहेर येईनासा झाला.

जानेवारीत क्रेनशॉ खुर्चीवर बसला आणि खिडकीपाशीही तोच बसू लागला. व्हर्लीनने नवा अर्ज टाकला. जून उजाडला तरी त्याला हात लागला नव्हता. शेवटी तिने जेवताना विषय काढलाच.

"व्हर्लीनबाई, तुमचे उपकार मी विसरलेलो नाही," क्रेनशॉ म्हणाला. "पण पुढच्या वर्षी वरच्या कोर्टाची जागा निघतेय. आत्ताच मवाळ दिसलो तर मला कोण विचारणार? तेवढी निवडणूक होऊ दे, मग बघू. आपलंच पोर आहे ते."

आणि त्याने टेबलावर स्वतःचा फोटो छापलेला एक कोरा करकरीत पंखा ठेवला.

व्हर्लीन त्या पंख्याकडे बघत राहिली. साप सोडून भुई धोपटली होती तिने. माणूस पाडला, खुर्ची तशीच राहिली, आणि मधल्या मधे पोराची आशा गेली. तिने क्रेनशॉच्या समोरची बशी उचलली.

"अहो, जेवतोय मी!"

"निवडणूक होऊ दे, मग वाढते."

त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर ती चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभी राहिली. उकाडा मरणाचा होता. बाकाबाकांवर क्रेनशॉचा चेहरा हलत होता, कुठे जुना हार्डवेही.

"मी एकाला पाडलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या," ती म्हणाली. "चूक झाली माझी. जजच्या जागेसाठी पक्षाच्या नावावर मतं मागणंच बंद झालं पाहिजे. त्यासाठी मी घरोघरी येणार आहे, हाकललंत तरी येणार आहे. आज एवढंच सांगा, तुमच्या हातातल्या त्या माणसापुढे तुमचं पोर उभं राहिलं, तर तो पोराकडे बघेल की तुमच्या मतांकडे?"

काहींनी पंखे खाली ठेवले. बरेच जण वारा घेतच राहिले.

कोल्बी अजून आत आहे. व्हर्लीन अजून दारोदार फिरते आहे. आमच्या घरी येईल तेव्हा तो पंखा आमच्या हातात असेल की नाही, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.