वाढत्या मापाचे बूट

मस्कतच्या एका मॉलमध्ये बर्फाचा उतार आहे. बाहेर सेहेचाळीस डिग्री, आत उणे तीन. तिथे स्की आणि बूट भाड्याने देतात, त्या काउंटरवर मी चार वर्षं उभा आहे. गाव माझं संगमेश्वर तालुक्यातलं. इथे येईपर्यंत बर्फ पाहिला होता तो मच्छीच्या पेटीतला. लोक हसतात, हसू देत. पण कुणाच्या पायाला कोणता बूट आणि कोणती स्की, हे या भिकाजीइतकं इथे कुणाला कळत नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो.

गिऱ्हाईक आलं की आधी खोटं बोलतं. वजन चार किलो कमी सांगतं आणि स्कीइंग येतं त्याच्या दुप्पट. मी ऐकून घेतो आणि त्याला सरळ उभं करतो. नवशिक्याची स्की हनुवटीपर्यंत, बऱ्यापैकी येणाऱ्याची नाकापर्यंत. बूट घट्टच हवा. ताठ उभं राहिलं की बोटं पुढे टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत, आणि टाच जागची हलता कामा नये. मोजा एकच, तोही पातळ. टाच उचलली गेली की पाय एक सांगतो आणि स्की दुसरंच करते. "एक नंबर मोठा द्या ना," असं कुणी म्हणालं की मी त्याच्या अंगावर येतो.

माझी मुलगी प्रियांका तेरा वर्षांची. स्टाफच्या मुलांना शुक्रवारी सकाळी उतार मोकळा असतो, त्यात ती शिकली. कोच नुमान हा म्हसळ्याचा, जॉर्जियात शिकून आलेला. तो सगळ्या पोरांना एकच गोष्ट ओरडून सांगायचा, "नडगी बुटावर दाबा! मागे बसू नका! वळताना वजन बाहेरच्या पायावर!" बाकीची पोरं वेग वाढला की घाबरून मागे रेलायची. ही पुढे झुकायची. नुमान मला म्हणायचा, "भिकाजीभाई, पोरीला भीती नावाची चीज म्हाईतच नाय." ते ऐकून मी दिवसभर हवेत असायचो.

येत्या जानेवारीत सहा मुलांना जॉर्जियाच्या खऱ्या डोंगरावर न्यायचं ठरलं. प्रियांकाचं नाव पहिलं. प्रत्येकाने बूट आणि स्की असा स्वतःचा सेट आणायचा होता. आम्ही तिघं मस्कतच्याच कुरुम भागातल्या दुकानात गेलो. मंगला, माझी बायको, म्हणाली, "पोर झपाट्याने वाढतेय. दोन वर्षं तरी पुरू देत." आणि मी, जो रोज पन्नास जणांना व्याख्यान देतो तो मी, म्हणालो, "बरोबर आहे." आमच्याकडे पोरांचं सगळंच वाढत्या मापाचं. मी स्वतः तिसरीचा शर्ट पाचवीपर्यंत घातलाय. काउंटरमागे मी जाणकार, दुकानात नुसता बाप झालो. बूट दोन नंबर मोठे घेतले, स्की कपाळाच्या वर जाणारी.

सगळ्या मुलांचे सेट तपासून सही करायचं काम माझंच. प्रियांकाच्या कागदावर मी लिहिलं : माप बरोबर.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "पपा, माझी हील ना, आत वर येते."

"होईल सवय," मी म्हणालो आणि तिला आणखी एक मोजा दिला. दुसऱ्या कुणी असा दुसरा मोजा चढवला असता तर मी त्याला काउंटरवरून हाकलला असता.

डिसेंबरात, निघण्याआधी, घड्याळ लावून शेवटची फेरी होती. मी खाली उभा होतो. तिसऱ्या वळणावर तिची टाच उचलली गेली, ती मागे बसली, लांब स्कीचं शेपूट बर्फात अडकलं आणि गुडघा पिळला. ती ओरडली तो आवाज माझ्या कानातून जात नाही. सगळ्यांच्या आधी मी पोचलो. मी आधी काय केलं असेल? तिच्या पायातले बूट काढले आणि बॅगेत कोंबले. पोर रडत होती आणि मी बॅगेची चेन लावत होतो.

डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट तुटलंय. ऑपरेशन, मग नऊ महिने. पण पुढच्या वर्षी खेळू शकेल. आता प्रश्न एवढाच होता की पुढच्या वर्षीच्या यादीत नुमान तिचं नाव ठेवतो का. ती हॉस्पिटलात रोज तेच विचारायची.

दार्सैतच्या आमच्या घरी नुमान आला तेव्हा ती पाय उशीवर ठेवून पलंगावर बसली होती. त्याने मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि पुन्हा पुन्हा पाहिला.

"ही मागे बसलीय," तो म्हणाला. "आजवर कधी बसली नाय. भिकाजीभाई, बूट बरोबर होते ना? बूट चुकले असतील तर पोरीचा दोष नाय, नाव राहील. पन घाबरून बसली असेल तर मी डोंगरावर नेनार नाय. तिथे जीव जाईल."

बूट कपाटात होते. चार पावलांवर. मी उठून ते त्याच्यासमोर ठेवायचे होते, बास. पण कागदावर सही माझी. सही खोटी निघाली तर नोकरी खलास, नोकरीबरोबर व्हिसा, आणि तिघांना गावी परत. हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात येऊन गेलं.

"मीच तपासलेत," मी म्हणालो. "माप बरोबर होतं."

मंगला ओढणीचं टोक पिळत जमिनीकडे बघत राहिली. प्रियांका मात्र माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. आधी तिला वाटलं असावं, पपा विसरले, आत्ता आठवेल त्यांना. मग तिला कळलं. तेरा वर्षांच्या पोरीला कळलं, आणि ते कळताना मी तिच्या तोंडावर पाहिलं.

"बेटा," नुमान म्हणाला, "खरं सांग. भीती वाटली?"

सांगून टाक, असं मी मनात म्हणत होतो, आणि सांगू नकोस, असंही.

"हो सर," ती म्हणाली. "मी घाबरले."

नुमानने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "होतं बेटा," म्हणाला आणि खिशातली यादी काढून तिचं नाव खोडलं. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो. त्याने माझा हात दाबला आणि म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. पोरगी खोटं बोलली नाय, हे काय कमी आहे?"

मी "हो" म्हणालो.