विहिरीतून वर आलेला बर्नार्ड

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात बर्नार्डने आपल्या केळीच्या वाडीत नवी विहीर खणायला घेतली. जागा दाखवली पॉल मास्तरांनी. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण गावाला शिकवायचे थांबले नव्हते. हातात फांदी धरून ते जमिनीतलं पाणी शोधायचे. "इथे खण. जमीन घट्ट आहे, कडेचं बांधकाम मागाहून केलंस तरी चालेल," ते म्हणाले.

बर्नार्ड आणि त्याचा शेजारी सॅन्टन खाली उतरून खणत होते, तेव्हा एका दुपारी काठ ढासळला आणि दोघेही मातीत गाडले गेले. माणिकपूरहून माणसं, फावडी, दोर येईपर्यंत ऊन उतरलं. बर्नार्ड जिवंत निघाला. सॅन्टनचं प्रेत निघालं.

मास्तरांनी तिथेच हात वर करून जाहीर केलं, "चमत्कार!" त्यानंतर जमिनीच्या घट्टपणाबद्दल गावात कोणी चकार शब्द काढला नाही.

आमचं सगळं गाव बर्नार्डला धीर द्यायला लोटलं. येणारा आधी चहा प्यायचा, मग विहिरीत काय घडलं ते बर्नार्डला सांगायचा. जेम्स म्हणायचा, देवदूताने माती अडवून धरली. कॉन्रॅडने तर विहिरीतून उजेड निघताना पाहिला होता. त्या दिवशी तो विरारला होता, ही गोष्ट वेगळी. सॅन्टनने जपमाळ म्हणता म्हणता प्राण सोडला, असं मास्तरांनी मर्तिकाच्या वेळी सांगितलं आणि सगळ्यांचे डोळे पाणावले. बर्नार्ड तोंड उघडायचा, "नाही, म्हणजे सॅन्टन तेव्हा…"

"तू बोलू नकोस रे, त्रास होईल," असं म्हणून आम्ही पुढे बोलत राहायचो.

इकडे बर्नार्डला घरात झोपता येईना. दार लावलं की छाती आवळायची, घाम फुटायचा, तोंडात माती गेल्यासारखा तो थुंकत सुटायचा. कुठे फावडं खणाणलं की ताटावरून उठायचा. त्याची बायको आग्नेस ओट्यावर अंथरूण घालायला लागली.

गावच्या सणाला मास्तरांनी त्याला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसवलं. मिस्सेनंतर त्याने साक्ष द्यायची होती; काय बोलायचं तेही मास्तरांनी पाठ करून घेतलं होतं. चर्च खचाखच भरलं. प्रवचनाच्या मध्यावर आमचा चमत्कार ताडकन उठला आणि लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पळाला.

त्यानंतर दर रविवारी तो बाहेर चिंचेखाली उभा राहून मिस्सा ऐकू लागला. लगेच गावाची कमिटी बसली. एकाच्या मते त्याची श्रद्धा ढळली होती, दुसऱ्याच्या मते त्याला विहिरीतलं काहीतरी लागलं होतं. नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना सुचवली गेली, ताडी सुचवली गेली. फादरांनी विचारलं, "डॉक्टरला दाखवलंय का?" फादर अजून तरुण आहेत, म्हणून कमिटीने त्यांना समजून घेतलं.

शेवटी आग्नेसची धाकटी बहीण व्हेरोनिका आली. ती मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती.

"ताई, आमच्याकडे मनाच्या डॉक्टरबाई आहेत. भावोजींना घेऊन ये."

"म्हणजे वेड्यांच्या?"

"वेडे असते तर गावातल्या कमिटीवर घेतलं असतं. भावोजी घाबरलेत फक्त."

बर्नार्ड डॉक्टरबाईंच्या दाराशीच थबकला. बाईंनी काही न विचारता दार सताड उघडं ठेवलं आणि त्याची खुर्ची उंबऱ्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "काय झालं ते सांगा."

बर्नार्ड वाट पाहत बसला.

"तुम्हाला कोणी सांगितलं नाही?" त्याने विचारलं.

"तिथे तुम्ही होतात. मी कशी सांगू?"

त्या दिवशी तो काठ ढासळण्यापर्यंतच पोचला आणि रडू लागला. बाईंनी त्याला "पुरे" म्हटलं नाही की "देवाची कृपा" म्हटलं नाही. रडू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "हे वेड नाही. तुम्ही वर आलात, पण शरीराला ते अजून पटलेलं नाही. त्याला हळूहळू पटवू या."

म्हणून रोज आग्नेसने शेजारी बसायचं, दार थोडंसं लोटायचं, आणि भीती ओसरेपर्यंत बर्नार्डने सावकाश श्वास घेत तिथेच थांबायचं. ते जमलं की दार आणखी थोडं लोटायचं. गावाची हसून पुरेवाट झाली. दार लावायला शिकण्यासाठी माणूस मुंबईला जातो! मास्तर तर दुखावलेच. "नुसतं बोलायचंच होतं, तर आम्ही काय मेलो होतो?"

पण बर्नार्ड जात राहिला. दर खेपेला सांगताना तो आणखी थोडा खोल उतरायचा. एकदा त्याने अगदी शेवटपर्यंत सांगितलं आणि म्हणाला, "सॅन्टनच्या बायकोला यातलं काही माहीत नाही. तिला जपमाळ सांगितलीय."

"तिला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या.

त्याला ठरवायला बरेच दिवस लागले. सॅन्टनची बायको मॅग्डलीन परसात केळीची पानं कापत होती, तिथे जाऊन तो उभा राहिला.

"वहिनी, सॅन्टन जपमाळ म्हणत नव्हता. मास्तरांना शिव्या घालत होता. वाईट वाईट. मग मला म्हणाला, बिडी आहे का रे? मी म्हटलं, हात निघत नाही. तर हसला. मग म्हणाला, मॅग्डलीन आज बोंबलाचं कालवण करणार होती. त्यानंतर मी हाका मारल्या, पण तो बोलला नाही."

मॅग्डलीनच्या हातातला कोयता खाली पडला. आता ही आपल्याला हाकलून देणार, असं बर्नार्डला वाटलं. ती खाली बसली आणि हसू लागली. खूप हसली, मग हसता हसता हुंदके देऊ लागली.

"इतके दिवस वाटत होतं, मेला तो दुसराच कोणीतरी," ती म्हणाली. "जपमाळ माझ्या नवऱ्याला धड येत कुठे होती! भाऊ, कालवण केलं होतं मी. खायला कोणी नव्हतं, कुत्र्याला घातलं."

दोघंही तिथेच बराच वेळ बोलत बसली. गावात सॅन्टनबद्दल कोणी खरं बोलण्याची ती पहिलीच वेळ होती.

नाताळात बर्नार्ड चर्चच्या आत, शेवटच्या बाकावर बसला. चेहरा पांढराफटक होता, पण मिस्सा संपेपर्यंत उठला नाही. नोव्हेनेचा गुण आला, असं मास्तरांनी बाहेर सगळ्यांना सांगितलं. कमिटीने आभाराचा ठराव केला आणि स्वतःचेच आभार मानले.

नव्या वर्षात मॅग्डलीनने आग्नेसला विचारलं, "त्या बाई बायकांनाही बघतात का गं?"

बर्नार्ड आणि आग्नेस तिला घेऊन गेले आणि बाहेरच्या बाकावर थांबले. मॅग्डलीन बऱ्याच वेळाने बाहेर आली, तेव्हा तिचा आवाज बसला होता.

"उभ्या जन्मात एवढी बोलले नाही. आधी चहा पाजा."

लिफ्टमध्ये बर्नार्ड अजून पाय ठेवत नव्हता, म्हणून तिघंही जिन्याने सावकाश खाली उतरली.