खात्याच्या घराचा मधला खांब

मी खांब आहे. खांबानं उभं राहावं, बोलू नये. आजवर मी तेच केलं. पण शेजारी नवं घर उठलं आहे आणि मला लवकरच उतरवणार आहेत. एकदा आडवा झालो की माझं कोण ऐकणार? उभा आहे तोवर सांगून टाकतो.

मी जन्मानं साग. तोरणमाळच्या डोंगरावर, एका शेताच्या बांधावर वाढलो आणि एका वादळात मुळासकट पडलो. शेताच्या म्हाताऱ्या मालकानं मला चिरू दिलं नाही. "हा पोराच्या घराला," म्हणाला, आणि छपराखाली वाळत ठेवलं. पोराचं नाव खात्या. तो तेव्हा खाली सपाटीवर, शहाद्याकडे ऊसतोडीला होता.

आमच्या पाड्यावर लग्न झालेल्या पोरानं आपलं घर आपण बांधायचं. बापाच्या शेजारी, पण वेगळं. खात्या परत आला, शेजारच्या पाड्यावरची धनुबाई त्यानं करून आणली आणि घराला लागला. सपाटीवरून येताना त्यानं जीपच्या टपावर पत्रे बांधून आणले होते. आणि डोक्यात एक घर आणलं होतं. उसाच्या मालकाचं. पत्र्याचं छप्पर, समोरासमोर दोन खिडक्या आणि गोठा लांब.

यातलं शेवटचं आमच्या डोंगरात कुणी करत नाही. इथं माणसं आणि गुरं एकाच छपराखाली झोपतात. एका अंगाला चूल आणि अंथरुणं, दुसऱ्या अंगाला बैल, मध्ये कमरेएवढा कूड. सपाटीवरचे लोक येतात आणि नाक धरतात. खात्यानं चार वर्षं ती धरलेली नाकं पाहिली होती. ते त्याच्या मनाला लागलं होतं.

घर बांधायला आमच्यात मजुरी देत नाहीत. लाह बोलावतात. सगळा पाडा येतो, घर उभं करतो, डाळ-भाकर खातो. उद्या त्यांच्या घराला तुम्ही जायचं, एवढंच. माझ्या लाहेला तरुण पोरं आली, म्हातारे आले, बाया मातीत शेण कालवायला बसल्या. मला खड्ड्यात उभं केलं तेव्हा खात्याचा थोरला भाऊ चैत्या मला मिठी मारून उभा होता.

"खात्या, गोठा तिकडं पळसाखाली? बैलांनी काय गुन्हा केला?"

"मालकाच्या घरात बैल नसतात."

"मालकाच्या घरात थंडीही नसते."

सगळे हसले. खात्याच्या कपाळाला आठी पडली.

"घर कुणाचं आहे, दादा?"

"तुझंच बाबा, तुझंच. मी नुसता खांब धरलाय."

लाहेत ज्याचं घर तो सांगेल तसंच बांधतात. त्यांनी तसंच बांधलं. बांबूचे कूड उभे राहिले, धनुबाईनं ते हातानं लिंपले. तिच्या बोटांच्या ओळी अजून आहेत, पाहायच्या असतील तर या. पत्रे चढले आणि उन्हात चमकले. खात्या लांब जाऊन उभा राहिला आणि घराकडे पाहत राहिला. त्या दिवशी तो जेवायलाही उशिरा आला. इतका खूश मी त्याला पुन्हा क्वचितच पाहिला.

पावसाळा सरता सरता त्यांना पोरगा झाला, दलसिंग. मग थंडी आली.

खालच्या लोकांना थंडी म्हणजे स्वेटर. आमच्याकडे पौषात दव गोठतं. सकाळी गवत मीठ टाकल्यासारखं पांढरं दिसतं. हंड्यातल्या पाण्यावर पापुद्रा येतो. त्या घरात तर दोन खिडक्यांतून वारा आरपार जायचा. खात्यानं पोती कोंबली. पत्र्याला आतून घाम सुटायचा आणि गार थेंब थेट गोधडीवर पडायचे. चूल पेटती ठेवली तरी धग पत्र्याला जाऊन चिकटायची, माणसांपर्यंत उतरायची नाही.

दलसिंग खोकू लागला. मग त्यानं खोकणंही सोडलं आणि दूध ओढणंही. धनुबाई त्याचे तळवे आपल्या पोटाला लावून बसायची.

"बैल आत आणा," ती म्हणाली.

"घरात शेण करायला?"

"शेण मी काढीन. पोराला ऊब पाहिजे."

"चुलीत लाकूड घाल अजून."

"घातलं. चुलीनं छप्पर तापतं, पोर नाही."

"एकदा नाही म्हटलं ना."

धनुबाई भांडली नाही. तिनं गोधडी खांद्यावर टाकली, पोर पदरात घेतलं आणि सरळ गोठ्यात गेली. बैलांच्या मध्ये कडबा पसरून निजली.

खात्या मला पाठ लावून बसला. "येईल," असं मलाच म्हणाला. ती आली नाही. नव्या घरात तो, मी आणि पत्र्यावरून टपटपणारं पाणी.

सकाळी चैत्या दारात उभा. "भाऊ, घर भाड्यानं द्यायचंय का? रिकामं दिसतं."

खात्यानं वैरणीचा भारा उचलला, जणू बैलांसाठीच जातोय, आणि गोठ्याकडे गेला. मला तिथलं दिसत नाही, ऐकू येतं. धनुबाईचा आवाज आला, "हळू. दूध पिऊन झोपलाय. हात लावून बघा, कसा ऊनऊन झालाय." मग वैरण टाकल्याची सळसळ आणि बैलांचा रवंथ.

खात्या परत आला तो कुऱ्हाड उचलायलाच. मला वाटलं, राग माझ्यावर निघणार. तो माझ्या बाजूनं गेला आणि गोठ्याकडच्या अंगाचा कूड त्यानं तोडला. बायकोनं लिंपलेला, स्वतः उभा केलेला. घाव घालताना तो एकदाही थांबला नाही. चैत्या गेला आणि बांबूचा भारा घेऊन आला. त्याच्यामागे पाड्यावरचे बाकीचे. लाह कुणी बोलावली नव्हती. घर लांबवलं, एक खिडकी बुजवली, पत्र्याखाली गवताचा जाड थर दिला. बैल आत आले आणि त्यांची दावी मला बांधली. त्या दिवशी कुणी हसलं नाही. हसले ते नंतर, पुढची कित्येक वर्षं.

खात्या धनुबाईला एवढंच म्हणाला, "शेण तू काढणार म्हणाली होतीस."

"काढीन की."

ती वर्षं मला आठवतात. एका बाजूनं भाकरीचा वास, दुसऱ्या बाजूनं शेणाचा, आणि मधे मी. बैल रात्रभर श्वास सोडायचे आणि घर आतून तापत जायचं. मान घासून घासून त्यांनी मला असा गुळगुळीत केला की पॉलिश मारणाऱ्यानं लाजावं. दलसिंग मला धरून उभा राहायला शिकला. पहिलं पाऊल टाकलं ते बैलाकडे, आईकडे नाही. धनुबाई आठवडाभर रुसली होती.

आता दलसिंग तोरणमाळ-शहादा जीप चालवतो. नांगरट ट्रॅक्टर करतो. शेवटचा बैल म्हातारा होऊन गेला, त्याच्या जागी मोटारसायकल उभी असते. मोटारसायकल ऊब देत नाही. शिवाय माझा पाय वाळवीनं धरला आहे, हे मीच सांगतो, लपवण्यासारखं नाही. दलसिंगनं स्लॅबचं घर बांधलं, आईबापासाठी आत पलंग टाकले, जाड ब्लँकेटं आणली. पोर चांगलं आहे. मला त्याच्याबद्दल तक्रार नाही.

काल त्याचा शहाद्याकडचा गवंडी आत येऊन बसला. हात चोळत त्याच्या अहिराणीत म्हणाला, "जुनं घर गरम शे हो, दादा. कोनी बांधं?"

"मी बांधलं," खात्या म्हणाला. मग धनुबाईकडे न बघता म्हणाला, "हिनं दुरुस्त केलं."

धनुबाई शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले. "एवढं बोलायला तीस वर्षं लागली?"

"बोललो ना."

गवंड्यानं माझ्यावर थाप मारली. "येन्हं काय करानं? चुल्हामा घालानं का?"

प्रश्न माझ्याबद्दलचा आहे. म्हणून उत्तर मी देतो.

घाला. मला अंगणात उभं करून हार घालू नका, मी देव नाही. पण उन्हाळ्यात पाणी तापवायला मला जाळू नका. पौषापर्यंत थांबा. ज्या दिवशी गवत पांढरं होईल आणि नव्या घरात फरशीला पाय टेकवत नसतील, त्या दिवशी अंगणात मला पेटवा, आणि सगळ्यांना बोलवा. पक्का साग आहे मी. शेवटचा माणूस उठेपर्यंत पुरेन.