पायाळू आईचं लेकरू

मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले, म्हणून कुरुंद्यात माझ्या लाथेला मान आहे. हळद काढणीच्या दिवसांत माणसं कंबर धरून दारात येतात, पालथी पडतात आणि म्हणतात, "प्रतिक्षा, लाव पाय." मी लावते. उसण उतरते म्हणे.

माझा रुद्र तीन महिन्यांचा झाला, तरी त्याचं डोकं उजव्या खांद्याकडे कललेलं आणि तोंड कायम डावीकडे. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणाल्या, "लचक भरली लेकराला. घरचीच पायाळू असताना दवाखाना काहून? रविवारी मानेला पाय लाव."

"आत्याबाई, मोठ्यांच्या पाठीला लावते. लेकराच्या मानेला न्हाई लावणार."

"मग राहू दे जन्मभर वाकडी!"

ते काळजात घुसलं. सकाळीच वसमतची एसटी धरली.

डॉक्टरांनी तपासून हाडं ठीक असल्याचं सांगितलं. मग व्यायाम घेणाऱ्या पुनम मॅडमनी माझं बोट रुद्रच्या मानेवर उजवीकडे ठेवलं. आत छोटी गाठ लागली.

"हा स्नायू आखडलाय. लचक नाही. पाय बिय लावू नका, इजा होईल."

त्यांनी शिकवलं: तोंड हळूच उजवीकडे वळवून धरायचं, मग डावा कान डाव्या खांद्याकडे न्यायचा. दिवसातून पाच-सहा वेळा. जागा असताना पालथं घालायचं, खुळखुळा उजवीकडूनच वाजवायचा, झोळी बंद.

झोळी सोडली आणि घर पेटलं. व्यायामाला रुद्र कुरकुरला की शेजारच्या कमलबाई भिंतीपलीकडून ओरडायच्या, "आई हाय का वैरीण?"

"वैरीणच हाय! या बघायला!"

महिना गेला, फरक दिसेना. रात्री मी रडायची, सकाळी पुन्हा मान हातात घ्यायची. अशात एका रविवारी आत्याबाईंनी शेजारच्या गावचा पायाळू आणला. धिप्पाड गडी, पाय धुऊन तयार. मी रुद्रला छातीशी धरून उंबऱ्यात उभी राहिले आणि त्या गड्याला म्हणाले,

"लेकराला पाय लावला तर माझा पाय तुमच्या कंबरेत बसंल. आणि तो उसण उतरवायला नसंल!"

गडी चहा न घेताच गेला. आत्याबाईंनी माझ्याशी अबोला धरला.

आणखी दोन महिने गेले. रुद्र सतरंजीवर पालथा होता. मी डावीकडे बसले होते. उजवीकडे आत्याबाई शेंगा फोडत कमलबाईंना माझी गाऱ्हाणी सांगत होत्या. तो आवाज ऐकून रुद्रनं मान उचलली आणि सरळ उजवीकडे वळवली. पूर्ण.

दूध माझं, हात माझे, बोलणी खाल्ली मी, आणि कार्टं बघतंय कुणाकडे, तर माझ्या नावानं बोटं मोडणाऱ्या म्हातारीकडे! मला हसू आलं, रडू आलं आणि रागही आला.

आत्याबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "दिसले व्हय रे मी तुला?" एवढंच त्या म्हणाल्या.

त्या दिवशी त्या जेवायलासुद्धा रुद्रच्या उजवीकडून उठल्या नाहीत.