काविळीची माळ

हर्षद गोळ्यांचं व्यसन सोडतोय हे सोसायटीत कळायला नको, म्हणून त्याच्या बायकोने, गंधालीने सगळ्यांना सांगितलं, "ह्याला कावीळ झालीय." ऑफिसातली रजाही त्याच नावाने. तिथेच वाट लागली.

पाठदुखीसाठी सुरू झालेल्या गोळ्या दोन वर्षांत जेवणापेक्षा नियमित झाल्या होत्या. डॉक्टर श्रुतिकांनी मुलुंडच्या घरीच उपचार आखून दिले. नवं औषध गंधालीच्या हातून, रोज संध्याकाळी फोन. "जुनी एकही गोळी घरात नको. या वेळी घसरलात तर सगळं पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. हर्षदने मान हलवली. दाढीच्या डब्यात एक स्ट्रिप होतीच.

दुसऱ्याच दिवशी कुडाळहून वनमालाआत्या हजर. कावीळ म्हटल्यावर ती घरी बसते होय? पुनर्नवेच्या काड्यांची माळ तिने हर्षदच्या डोक्यावर टोपीसारखी बसवली. "कावीळ उतरात तशी ही लांबतली. पायाकडे गेली काय सुटलंस!"

हर्षद औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतला. काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात, माळ लांबते, हे त्याला ठाऊक होतं. पण गोळ्या सुटल्याने नाक गळत होतं, जांभया थांबत नव्हत्या, पाय आपोआप झटके देत होते. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं.

"जांभयो बघ! कावीळ भायर पडता हा," आत्या समाधानाने म्हणाली. डॉक्टरांचं औषध तिने 'लिवरचा टॉनिक' म्हणून मंजूर केलं, कारण ते कडू होतं. गंधाली हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाली.

तिसऱ्या दुपारी मात्र हर्षदला सोसेना. डबा काखेत मारून तो बाथरूमकडे निघाला. दारात आत्या.

"दाढी? काविळीत?"

तिने डबा ओढला. झाकण उडालं, स्ट्रिप लादीवर पडली.

"गोळी! लिवर जळात मेल्या! एक जरी खाल्लंस, तर माळ काढूची लागतली. नवी माळ, परत डोक्यापासून!"

बेसिनवरच्या आरशात हर्षदला माळ दिसली. छातीपर्यंत आली होती. एवढा घाम, एवढी पेज, आणि पुन्हा टोपी?

"घे आत्या," तो म्हणाला, "टाक संडासात."

आत्याने एकेक गोळी फोडून टाकली आणि दोनदा फ्लश ओढला.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. "कसं काय, हर्षद?"

"छातीपर्यंत आलीय."

"काय?"

"माळ."

डॉक्टर म्हणाल्या, "माझी आजी सावंतवाडीची. गुडघ्याला आली की फोटो पाठवा."