सप्तपदीचं शूटिंग

“मिक्सिंग चालू आहे, ताई.” हे एक वाक्य दिनेशने दोन महिने पुरवलं. सविताचा फोन आला की तो हेच म्हणायचा आणि फोन ठेवला की स्वतःलाच शिव्या घालायचा. मिक्सिंग कसलं, डोंबलाचं! मिक्स करायला शूटिंग शिल्लक होतं कुठे?

बारा वर्षं त्याने लग्नं कॅसेटवर उतरवली, एक कधी पुसली गेली नाही. २००९च्या उन्हाळ्यात हौसेने कार्डाचा कॅमेरा घेतला आणि घोळ झाला. भरलेलं कार्ड जाकिटाच्या डाव्या खिशात, कोरं उजव्या, असा त्याचा नेम. सायखेड्याला सविताच्या लग्नात तिच्या वडिलांनी, पुंजाआबांनी, टॉवेल-टोपी देऊन त्याचा मान केला, वर नारळ दिला. नारळ डाव्या खिशात कोंबायचा म्हणून तिथलं कार्ड उजव्यात गेलं. दुसऱ्या दिवशी नाशकात, त्र्यंबक रोडच्या एका लॉन्सवर, ऐन मंगलाष्टकांत कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं. मुहूर्त काय कॅमेऱ्यासाठी थांबतो होय? त्याने उजव्या खिशातलं कार्ड घातलं, झटक्यात फॉरमॅट केलं आणि त्यावरच वीस मिनिटं शूटिंग केलं.

सविताच्या लग्नानंतर आठच दिवसांनी पुंजाआबा गेले. शेतातून आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी आटोपलं.

आषाढात सविता एसटीने एकटीच दुकानात आली. खुर्चीत बसली, घाम पुसला.

“दादा, अल्बम पाहिला मी. फोटोत आबा नुसते बघत्यात. मला त्यांचा आवाज पाहिजे. दुसरीकडं कुठंच नाय तो.”

आता कोणत्या तोंडाने मिक्सिंग म्हणणार? दिनेशने सगळं सांगून टाकलं. ती भांडेल असं त्याला वाटत होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं,

“काहीच नाय निघणार?”

“ज्यावर दुसरं शूटिंग झालं ते गेलं, ताई. उरलेल्यात काही सापडलं तर बघतो. तुम्ही शनिवारी या.”

पुसलेलं परत काढायचा प्रोग्रॅम त्याने मिळवला, तेव्हापासून बाजूला ठेवलेलं ते कार्ड लावलं आणि गिऱ्हाइकांना परत पाठवत दिवसभर पडद्यापुढे बसला. एकेचाळीस फायली निघाल्या. चाळीस उघडेनात. एक उघडली, चौदा सेकंदांची.

सप्तपदी चालली होती. मध्येच पांढरी टोपी आणि रुंद पाठ आडवी आली. लगेच कॅमेऱ्यामागून कोणीतरी खेकसलं, “ओ बाबा, मधून सरका! काही दिसत नाही!” पाठ वळली. पुंजाआबांचा अर्धा चेहरा दिसला. “सरकलो, सरकलो. चालू द्या तुमचं,” म्हणाले आणि बाजूला झाले. पुढे नुसते नवरा-नवरी.

दिनेशने फाइल पुन्हा लावली. खेकसणारा तोच होता. लेकीची पावलं बघायला बाप पुढे आला होता आणि याने त्याला हाकललं होतं. याला तर हे आठवतही नव्हतं. प्रत्येक लग्नात तो कोणाला ना कोणाला असंच हाकलायचा.

शनिवारी सविता आली. त्याने आहे तसं लावलं. तिने तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पदर तोंडावर धरून रडली.

दिनेशला तिच्याकडे बघवेना. “ताई, चुकलो मी,” तो म्हणाला. “सीडी करताना माझा आवाज काढून टाकतो. नुसते आबाच ऐकू येतील.”

“नको,” सविता म्हणाली. “राहू द्या. आईला दाखवायचंय. तुमचा आवाज काढला, तर आबा कोणाला बोलत्यात ते तिला कळायचं नाय.”

दिनेशने मान हलवली आणि कोरी सीडी मशीनमध्ये घातली.