कठड्यावरचा हात

पैज लागली ती हायरम डॉब्सच्या सलूनमध्ये, शेजारच्या टोपीवाल्या टटलच्या अर्ध्या गालाला साबण लागलेला असताना.

"शनिवारी आपलं कॉलेज हरणार बघ," टटल खुर्चीतूनच म्हणाला. "तुझा क्लाइड बॉल टाकतो की कोंबड्यांना दाणे?"

हायरमचा वस्तरा हवेतच थांबला. क्लाइड त्याचा एकुलता एक मुलगा, मिलब्रुक कॉलेजचा कप्तान. शनिवारी ऑर्डवे कॉलेजशी राज्याच्या अजिंक्यपदाची मॅच. हा बास्केटबॉल निघून पाच वर्षं झाली नव्हती, पण गावाला नुसतं खूळ लागलं होतं. आणि टटलला हायरमला डिवचल्याशिवाय जेवण जात नसे.

"हरलो तर नाकाने भुईमुगाची शेंग ढकलत नेईन! इथून पोस्टापर्यंत, भर रस्त्यात!" हायरम उसळला.

"जिंकलात तर मी नेतो. सोमवारी दहाला. आता गाल पुरा कर, साबण वाळला."

शनिवारी मॅच होती त्या हॉलला वर चारी बाजूंनी गॅलरी होती आणि टोपल्या ठोकलेल्या थेट गॅलरीच्या कठड्याला. मागे फळीबिळी काही नाही. वाकलं की बॉल हाताशी! हायरम दोन तास आधी जाऊन ऑर्डवेवाले ज्या टोपलीत टाकणार, बरोबर तिच्या डोक्यावर बसला. टटलही मजा बघायला शेजारी चिकटला.

पहिल्या हाफमध्ये हायरमने ऑर्डवेचे तीन बॉल टपली मारून उडवले. पंच खालून बोंबलला, पण कठड्यावरून वीस हात लोंबत होते, कोणाचा धरणार?

"माशा मारायला आलायस का रे?" टटल म्हणाला.

"तू गप शेंगा खा. सोमवारी ढकलायला एक ठेव."

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. खालची टोपली आता आपली, आता फक्त ओरडायचं, असं हायरमने स्वतःला दहा वेळा बजावलं. शेवटचं मिनिट आलं. ऑर्डवे नऊ, मिलब्रुक आठ. क्लाइडने दोन्ही हातांनी बॉल उचलला आणि टाकला. बॉल वर आला, अगदी टोपलीच्या तोंडाशी.

आणि हायरमचा हात गेला.

टप्.

बॉल बाहेर. शिट्टी वाजली. खेळ खलास.

खाली क्लाइडचे दोन्ही हात अजून वरच होते. हायरम आपल्या तळव्याकडे असा बघत होता, जसा काही तो दुसऱ्या कोणाचा तरी चुकून त्याच्या बाहीत आलाय.

मग कोणीतरी किंचाळलं, "टटल! तिथे टटल होता! त्याचीच पैज होती!"

हायरमने तोंड उघडलं. मिटलं, आणि हात खिशात घातला. टटलने एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्याने सगळं पाहिलं होतं. तो काही न बोलता जिना उतरला. खाली कोणीतरी त्याची टोपी उडवली.

रविवारी चर्चमध्ये टटलच्या बाकावर टटल एकटाच.

"सोडणार नाही मी त्याला, बाबा," जेवताना क्लाइड म्हणाला.

"चुकून लागला असेल रे हात."

"चुकून? त्या हलकटाचा?"

हायरमने ताटातला बटाटा नुसताच कुस्करला.

सोमवारी दहाला टोपीच्या दुकानापुढे अर्धं गाव. एक काच फुटलेली. आत टटल टोप्या खोक्यांत भरत होता. दुपारच्या गाडीने बहिणीकडे जाणार, कायमचा. कॉलेजच्या पोरांनी तसं बजावलंच होतं.

"हायरम, तुझी पैज रद्द!" खाटीक ओरडला. "तू नको वाकूस. हा वाकेल!"

क्लाइडने टटलला दंडाला धरून बाहेर ओढलं, त्याच्या हातात शेंग कोंबली. "वाक."

टटल वाकू लागला. हायरमपासून सलूनचं दार चार पावलांवर होतं. आत गेला असता तर गिऱ्हाइकं राहिली असती, मुलगाही राहिला असता.

"दे इकडे ती शेंग," तो म्हणाला. "हात माझा होता."

"काय?"

"बॉल मी उडवला. टटलने नाही."

क्लाइडचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "बाबा, थट्टा नको."

"थट्टा असती तर किती बरं झालं असतं रे."

खाटकाचं तोंड उघडंच. "मग तू का गप्प बसलास, टटल?"

"सांगून तुम्ही ऐकलं असतं? आणि पोराला हे बापाने सांगायचं असतं, टोपीवाल्याने नाही."

गोठलेल्या चिखलात हायरम गुडघ्यांवर बसला, शेंग ठेवली, नाक टेकवलं.

"हात पाठीमागे बांध," टटल म्हणाला. "तुझ्या हातांचा भरवसा नाही."

कोणी एक फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. शेंग वीतभर सरकली. मग आणखी वीतभर. नाक सोलवटलं. अख्खा रस्ता बघत उभा, क्लाइड खांबासारखा.

कोपऱ्यावरून दुधाची घोडागाडी वळली, थेट हायरमच्या दिशेने.

क्लाइड रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. बापाकडे त्याने बघितलं नाही.

"थांबव गाडी," तो म्हणाला. "माझे बाबा येतायत."